चव्वेचाळीस नंबरचा ठिपका

...आणि वर मलाच विचारतात, "सर, तुम्ही असं कसं केलंत?" अहो, मी काय केलं? मी शिकवत होतो! बावीस वर्षं तेच करतोय, विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो, आजवर माझ्यामुळे कुणाला झोप लागली असेल, कुणी नापास झालं असेल, पण कुणाची नोकरी गेली असं कधी झालं नव्हतं. आणि ते तरी मी केलं का? तुम्हाला सांगतो, मी नाही म्हणालो. डेटा म्हणाला.

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल हा माणूस अंगावरचं झटकतोय. झटकतोयच, पण रीतसर झटकू द्या.

त्याचं असं झालं, गेल्या वर्षी आमच्याकडे नवा विषय आला, नेटवर्क डेटाचं मॉडेलिंग. नावाला घाबरू नका, मीही आधी घाबरलो होतो. सोपं आहे. माणसं म्हणजे ठिपके. एक माणूस दुसऱ्याकडे गेला की या ठिपक्याकडून त्या ठिपक्याकडे एक बाण. झालं नेटवर्क! आता आपलं नेहमीचं संख्याशास्त्र काय करतं, प्रत्येक माणूस सुटा धरतं. याची उंची, त्याचं वजन, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण नेटवर्कमध्ये सगळं एकमेकांत गुंतलेलं. तुम्ही माझ्याकडे आलात तर मी तुमच्याकडे येण्याची शक्यता वाढते, माझा मित्र आणि तुमचा मित्र एकच असला तर आपलीही ओळख होण्याची शक्यता वाढते, आणि या सगळ्या ओढीला किती जोर आहे ते मॉडेल आकड्यात सांगतं. काय सुंदर विषय आहे हो! माझं चुकलं म्हणून विषयाला नावं ठेवू नका.

तर मी पुस्तकातला डेटा घेऊन शिकवत होतो. कुठल्याशा जुन्या कारखान्यातले चौदा कामगार, कोण कोणाशी बोलतो, कोण कोणाशी भांडतो. सगळे कधीच वारलेले. सुरक्षित डेटा! मेलेल्या माणसाची नोकरी जात नाही. पण माझ्या वर्गात एक शंकासुर होता, शेवटच्या बाकावर बसायचा, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली, तो हात वर करून म्हणाला, "सर, हे कामगार आमचे कोण लागतात?" वर्ग हसला. मग म्हणाला, "सर, आपण खरा डेटा घेऊया ना. आपल्याच विभागाचा." आणि चौतीस पोरं एका सुरात, "हो सर, हो सर." आता सांगा, बावीस वर्षांत पहिल्यांदा पोरांनी मला काहीतरी जास्तीचं शिकवायला सांगितलं, मी काय नाही म्हणणार होतो? हुरळलो. कबूल करतो, हुरळलो.

फॉर्म केला. प्रश्न एकच. 'गेल्या महिन्यात अभ्यासाची किंवा कामाची अडचण आली तेव्हा तुम्ही कोणाकडे गेलात? तीन नावं लिहा.' तीनच का? हे मला नंतर सगळ्यांनी विचारलं, गंभीर चेहऱ्याने विचारलं, की सर, तीनच का, यामागे काही सिद्धांत आहे का? आहे ना. कागद वाचवायचा होता. पानाचे दोन तुकडे केले की एका तुकड्यावर प्रश्न आणि तीन ओळी बसतात, चौथी बसत नाही. हा सिद्धांत.

आणि ते कागद कापले कोणी माहितीय? लॅबताईंनी.

लॅबताई म्हणजे आमच्या संगणकाच्या लॅबमधल्या बाई. अकरा वर्षं कंत्राटावर, दर वर्षी नवीन पत्र, दर वर्षी 'पुढील आदेशापर्यंत'. नवरा परगावी नोकरीला, घरी त्या आणि सासूबाई, आणि सासूबाईंचे डोळे गेलेले, त्यामुळे बाईंचं सगळं आयुष्य विद्यापीठापासून चालत दहा मिनिटांच्या आत. लॅबमध्ये खिडकीशी टेबल, टेबलाच्या खणात सगळ्या जगाचे चार्जर, प्रत्येकाला रंगीत दोरा बांधलेला. कुणाचा संगणक बंद पडला, लॅबताई. प्रोजेक्टर लागत नाही, लॅबताई. प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर तांबडी अक्षरं आली आणि पोरगी रडायला लागली, लॅबताई. आधी पोरीला पाणी देतात, मग तांबडी अक्षरं वाचतात आणि म्हणतात, "अगं, एक कंस राहिलाय फक्त." आणि... आता सांगायचंच ठरवलंय तर सांगतो... माझं मॉडेलसुद्धा पहिल्यांदा माझ्या लॅपटॉपवर कोणी चालवून दिलं? मला विषय येतो हो, पुरता येतो. ते संगणकावर चालवायचा प्रोग्राम मला येत नव्हता.

तर फॉर्म वाटले. चौतीस विद्यार्थी, आम्ही सात शिक्षक, आणि चार बाकीचे, कार्यालयातल्या लेखनिक बाई, शिपाईमामा, वाचनालयातले काका आणि लॅबताई. एकूण पंचेचाळीस. प्रत्येकाला नंबर दिला, म्हणजे नावं झाकली जातील. लॅबताईंचा नंबर चव्वेचाळीस. फॉर्म गोळा झाले, गठ्ठा लॅबताईंच्या टेबलावर ठेवला, म्हटलं, ताई, एवढं भरून द्याल का संगणकात? "ठेवा सर, संध्याकाळपर्यंत देते." संध्याकाळी तक्ता तयार. एक ओळ चुकलेली नाही. चव्वेचाळीस फॉर्म.

पंचेचाळीस माणसं, चव्वेचाळीस फॉर्म. आता तुमच्या लक्षात आलं ना? लगेच आलं ना? माझ्या नाही आलं. जिने कागद कापले, जिने फॉर्म भरून घेतले, जिने ते टाइप केले, तिला फॉर्म द्यायचा कोणी? मी. दिला का? नाही. तक्त्यात चव्वेचाळीस नंबरची सबंध ओळ कोरी. आणि मी दुसऱ्याच तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, कोरी चौकट म्हणजे शून्य नव्हे. 'नाही' वेगळं आणि 'माहीत नाही' वेगळं! परीक्षेत चार गुणांना विचारतो. आणि माझा प्रोग्राम काय म्हणाला, कोऱ्या चौकटी असतील तर मी चालणार नाही. म्हटलं चालणार नाहीस? एक बटण दाबलं, सगळ्या कोऱ्या जागी शून्य. चालला. लगेच चालला. चार गुण गेले माझे.

म्हणजे चव्वेचाळीस नंबर कोणाकडे जात नाही, हे मी ठरवलं. पण चव्वेचाळीस नंबरकडे कोणी येत नाही, हे मात्र त्या चव्वेचाळीस जणांनी ठरवलं बरं का! तीन ओळी, तीन नावं. पोरांनी आपापल्या जोडीदारांची नावं लिहिली, एखादं शिक्षकाचं, शिक्षकांनी शिक्षकांची. लॅबताईंचं नाव एकानेही लिहिलं नाही. एकानेही! त्यात मी आलो का? आलो. पण ते पुढे सांगतो, सगळं एकदम नका काढून घेऊ.

मग चित्र काढलं. अहो, काय देखणं चित्र! विद्यार्थी निळे, शिक्षक केशरी, बाकीचे हिरवे, मध्ये बाणांची नुसती गर्दी, आणि उजव्या कोपऱ्यात खाली, सगळ्यांपासून लांब, एक हिरवा ठिपका. मला वाटलं, वा, चित्राला तोल आला. मोठ्या कागदावर छापून घेतलं आणि बाहेर कॉरिडॉरच्या भिंतीवर लावलं. छापून दिलं कोणी, विचारू नका. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावताना स्टूल धरलं कोणी, तेही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या विभागप्रमुख मॅडम चित्रापुढे उभ्या. मॅडम वाईट नाहीत हं, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. मी तिथेच, पोरं घोळका करून आपापला नंबर शोधतायत, मी त्यांना समजावतोय, छाती पुढे काढून. मॅडमनी बोट ठेवलं. "सर, हा कोण?" मी यादी बघितली. म्हटलं, "चव्वेचाळीस... लॅबताई." मॅडम म्हणाल्या, "म्हणजे यांच्याकडे कोणी जात नाही? आणि यादेखील कोणाकडे जात नाहीत?"

इथे. बरोबर इथे मी म्हणायला हवं होतं, मॅडम, त्यांना फॉर्मच दिला नव्हता. एवढं वाक्य. सात शब्दही नाहीत. पण समोर बारा पोरं उभी, शंकासुर चष्मा सावरत पुढे आलेला, आणि मी कालच भर वर्गात सांगितलेलं की आमच्या डेटात एकही चौकट कोरी नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "डेटा असं म्हणतो."

बघा! मी नाही म्हणालो. डेटा म्हणाला.

मला काय माहीत मॅडमच्या टेबलावर वरून आलेलं पत्र पडलंय? दोन कंत्राटी जागांपैकी एक या वर्षी कमी करा. एक लॅबताई, एक वाचनालयातले काका. मॅडम आठ दिवस ते पत्र इकडून तिकडे सरकवत होत्या, कोणाला सांगायचं, कसं सांगायचं, आणि मी नेमकं त्यांच्या खोलीबाहेर रंगीत उत्तर टांगलं! काकांकडे नऊ बाण. लॅबताईंकडे एक नाही. सोमवारी लॅबताईंना पत्र मिळालं, महिनाअखेरीपासून कंत्राट वाढवणार नाही.

मला कोणी सांगितलं? लॅबताईंनीच. रडल्या नाहीत, काही नाही. माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, एक काम होतं. दुसरीकडे अर्ज करीन म्हणते. तुम्ही शिफारसपत्र द्याल का?" मी म्हटलं, "देतो ना, देतो ना, त्यात काय." आणि दिलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. कागद समोर घ्यायचो, 'यांना मी अकरा वर्षं ओळखतो' एवढं लिहायचो आणि थांबायचो. कारण पुढे लिहायचं काय? की यांच्यावाचून विभागाचं पान हलत नाही? मग बाहेर भिंतीवर काय टांगलंय? आता ते आणि हे दोन्ही खरं कसं असेल? आणि कॉरिडॉरमध्ये त्या दिसल्या की मी चक्क वळून परत खोलीत. पन्नाशी उलटलेला माणूस, अहो, दाराआड उभा राहून चपलांचा आवाज ऐकतोय.

बुधवारी संध्याकाळी बायकोने पकडलं. मी गप्प जेवतोय म्हणजे काहीतरी करून आलोय हे तिला बरोबर कळतं, तिला मॉडेल लागत नाही. सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि एकच विचारलं, "अहो, तुम्ही तुमच्या तीन ओळींत कोणाची नावं लिहिलीत?"

सांगू? तुम्हालाही सांगतो, आता काय लपवायचं. पहिलं नाव प्रमुख मॅडम. म्हणजे, मॅडम फॉर्म बघणार नव्हत्या, पण बघितलाच तर असावं. दुसरं आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक, त्यांच्याकडे मी चार वर्षांत अडचण घेऊन गेलेलो नाही, तेच माझी एक अडचण आहेत. तिसरा माझा मित्र, बीजगणित शिकवतो, त्याच्याशी मी फक्त चहा पितो.

"बरं," बायको म्हणाली. "आणि गेल्या महिन्यात तुमचा लॅपटॉप बंद पडला होता, तुम्ही घरी येऊन डोकं धरून बसला होतात, तो सुरू करून कोणी दिला?"

मी पानातली भाकरी कुस्करायला घेतली.

"आणि गुणांची यादी चुकीच्या ठिकाणी चढवली होतीत, ती?"

"पण मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो गं," मी म्हटलं, "त्याच आल्या. त्यांना बघूनच कळतं." आणि हे तोंडातून निघालं तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. बायको म्हणाली, "हो ना. घरातसुद्धा मीठ कुठे आहे हे विचारायला तुम्ही माझ्याकडे 'जात' नाही, जागेवरून हाक मारता. मग तुमच्या फॉर्ममध्ये मीसुद्धा कोपऱ्यातच का?" हे उगाच होतं, पण मी ताट उचललं आणि स्वतः धुतलं. तिने तेवढंही बघून घेतलं, म्हणाली, "साबण वरच्या फळीवर आहे, इतकी वर्षं तिथेच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा काय केलं, मॅडमच्या खोलीत गेलो. म्हटलं, "मॅडम, कोरी चौकट म्हणजे शून्य नव्हे." मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "सर, तुम्हीच म्हणालात." मी म्हटलं, "मी नाही म्हणालो, डेटा..." आणि त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की डेटा पुढे गेलाच नाही. सगळं सांगितलं. फॉर्म दिला नव्हता, तीन ओळी कागदामुळे, शून्य माझं. मॅडम म्हणाल्या, "दोन आठवड्यांत नीट करून आणा. वर पाठवून बघते."

पुन्हा पाहणी! यावेळी पूर्ण पान. सगळ्यांची नावं छापलेली, जिथे जिथे गेलात तिथे तिथे खूण करा, तिनाची अट नाही. कागद मी स्वतः आणला, फॉर्म मी स्वतः वाटले, आणि पहिला फॉर्म, हातात, लॅबताईंना. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "यात मी पण आहे?" नुसतं विचारलं हो त्यांनी. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

म्हटलं, "ताई, तेव्हा तुम्हाला फॉर्म मिळाला नाही, तुम्ही बोलला का नाहीत? टाइप करताना तुम्हाला दिसलं असेल ना?"

"दिसलं ना सर. मला वाटलं, मला त्यात धरायचं नसेल."

मी तिथून निघालो ते सरळ जिन्यात जाऊन उभा राहिलो.

या वेळी टाइप शंकासुराने केलं, दोन बोटांनी, दोन दिवस. निकाल? चव्वेचाळीस जणांपैकी एक्केचाळीस जणांनी लॅबताईंवर खूण केली. उरले तीन. त्यातला एक विद्यार्थी महिनाभर आजारी होता. एकाने पानच कोरं दिलं. आणि तिसऱ्या मॅडम, कारण त्या स्वतः जात नाहीत, शिपाईमामांना पाठवतात. एक्केचाळीस बाण! मी हात चोळत मॉडेल बसवायला घेतलं, म्हटलं, आता वर असं पत्र पाठवतो, असे आकडे... आणि मॉडेल बसेना. चालूच होईना. तांबडी अक्षरं. कारण उघड आहे, सगळं जग जर एकाच ठिपक्याकडे जात असेल तर मॉडेल बिचारं मोजणार काय? त्याला फरक लागतो, कुणी जातं कुणी जात नाही असं काहीतरी लागतं, तेव्हा ते आकडा देतं. इथे सगळेच जातात. पहिल्यांदा कोणी जात नव्हतं म्हणून चाललं, आता सगळे जातात म्हणून अडलं.

मी दोन तास झटापट केली. मित्राला फोन केला, तो म्हणाला मी बीजगणितवाला. ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले आमच्या काळी हे नव्हतं. मग आता मला सांगा, विभागात तांबडी अक्षरं कोणाला वाचता येतात?

गेलो. लॅपटॉप काखेत, मान खाली, लॅबमध्ये. म्हटलं, "ताई, जरा हे बघता का." म्हणजे तुमच्या लक्षात येतंय का मी काय करत होतो? बाईंची नोकरी वाचावी म्हणून बाईंशिवाय काही चालत नाही हे सिद्ध करायचं, आणि ते बाईंशिवाय होत नव्हतं! त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, वाचलं, म्हणाल्या, "सर, हा चव्वेचाळीस नंबर वेगळा धरायला लागेल. त्याला स्वतःचा एक आकडा द्या, मग बाकीचं चालेल." आणि चार ओळी लिहिल्या. चाललं. स्वतःच्याच ठिपक्याला हात लावताना चेहऱ्यावर काही नाही, कुणाचा तरी प्रिंटर असावा तसं.

निघता निघता माझी नजर पडद्यावर गेली, चव्वेचाळीसच्या ओळीवर. या वेळी भरलेली ओळ. सगळीकडे शून्य, खरं शून्य, त्यांनी स्वतः दिलेलं. आणि एकच खूण. अडतीस नंबरवर. अडतीस नंबर मी.

म्हटलं, "ताई, हे चुकून..."

"चुकून नाही सर. फॉर्ममध्ये विचारलंय ना, अडचण आली तेव्हा कोणाकडे गेलात. गेल्या महिन्यात अडचण एकच आली. मी तुमच्याकडे आले होते. शिफारसपत्रासाठी."

खरं सांगतो तुम्हाला, त्या क्षणी मला कोणी फाडकन थोबाडीत दिली असती तर मी आभार मानले असते. पंधरा दिवस ते पत्र माझ्या खणात पडलेलं, 'यांना मी अकरा वर्षं ओळखतो', आणि पुढे कोरं. बाई एकदाच कोणाच्या तरी दारात गेल्या, आणि ते दार कुणाचं निघावं? आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे भरलं, पत्र मिळालं का हा प्रश्नच नव्हता फॉर्मवर.

तरी म्हटलं, ठीक आहे, आता आकडे आहेत, आता लढू. मॅडमकडे गेलो, कागद पुढे ठेवले. मॅडमनी नीट वाचले, मनापासून मान डोलावली. मग त्याच शांत आवाजात म्हणाल्या, "म्हणजे जागा तर एकच राहणार आहे सर. मग वाचनालयातल्या काकांना पत्र देऊ?"

मी म्हटलं, "काकांना?"

"त्यांच्याकडे या वेळी तेरा खुणा आहेत. यांच्याकडे एक्केचाळीस. डेटा काय म्हणतो?"

डेटा काही म्हणत नव्हता. मीही नाही. काका साठीला आलेत, गुडघ्यांना पट्टे बांधून शिडीवर चढतात, मला दर वर्षी नवं पुस्तक आलं की स्वतः आणून देतात आणि मी त्यांच्याही नावावर कधी खूण... जाऊ दे.

हे लॅबताईंना सांगणं माझ्याच नशिबी आलं. त्या चार्जरला दोरा बांधत होत्या. ऐकून म्हणाल्या, "नाही सर. काकांना या वयात कोण घेणार? मला घेतील. तुम्ही फक्त ते पत्र द्या."

बसलो. तिथेच, त्यांच्याच लॅबमध्ये, खिडकीशेजारच्या मशीनवर. आणि लिहिलं! पंधरा दिवस एक वाक्य पुढे सरकत नव्हतं, त्या दुपारी दोन पानं झाली. कंस लिहिला, पाण्याचा पेला लिहिला, माझी गुणांची यादी लिहिली, दोरे बांधलेले चार्जर लिहिले, आणि शेवटी लिहिलं की या बाईंकडे फॉर्म नव्हता ही चूक माझी. शिफारसपत्रात असं कोणी लिहितं का? मी लिहिलं. मग छापायला दिलं आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला. बाई उठल्या, झाकण उघडलं, स्वतःच्या शिफारसपत्राचा चुरगळलेला तुकडा ओढून काढला, म्हणाल्या, "आता द्या सर पुन्हा."

मिळाली त्यांना नोकरी. एका मोठ्या प्रयोगशाळेत, कायमची, 'पुढील आदेशापर्यंत' नाही, आणि तीही घरापासून चालत पंधरा मिनिटं, म्हणजे सासूबाईंची सोय तशीच. मुलाखतीत म्हणे तिथल्या लोकांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, हे लिहिणारे सर बरे आहेत ना? लॅबताई म्हणाल्या, "हो, चांगले आहेत." हेही त्यांनीच मला सांगितलं, हसत. आणि मी बावीस वर्षांत केलेलं सगळ्यात चांगलं काम कुठलं, तर आमच्या विभागातला सगळ्यात उपयोगाचा माणूस दुसऱ्यांना देऊन टाकला.

मग? मग काय, चाललंय. प्रोजेक्टर लागत नाही, मी फळ्यावर शिकवतो. तांबडी अक्षरं आली की पोरं एकमेकांकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, मग पुन्हा एकमेकांकडेच बघतात. काका आहेत, शिडीवर चढतात. मी आता रोज वाचनालयात जातो, कामाशिवाय जातो, ते विचारतात, "सर, काय हवंय?" मी म्हणतो, काही नाही. त्यांना वाटतं, माझं काहीतरी बिनसलंय.

आणि परवा नव्या वर्गाचा नवा डेटा आला. शंकासुर आता वरच्या वर्गात, मला मदत करतो. या वेळी कोणाला विसरलो नाही. पूर्ण पान, सगळी नावं, चाळीस माणसं, चाळीस फॉर्म, एकही चौकट कोरी नाही, मी तीनदा मोजले. चित्र काढलं. मध्ये बाणांची गर्दी. आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, सगळ्यांपासून लांब, एक ठिपका. केशरी.

माझ्याकडे येणारा तो एकच बाण होता हो, आणि तो मीच पत्र लिहून दुसरीकडे पाठवला. आणि माझ्याकडून जाणारे? मला अडचण आली की मी जायचो ते एकाच ठिकाणी, हे मला यंदा खूण करताना कळलं. पेन घेऊन सगळी यादी वरून खाली वाचली, त्यात ते नावच नव्हतं. यंदा खरं लिहायचं ठरवलं होतं ना, मग सगळीकडे शून्य लिहिलं. काकांकडे रोज जातो, पण अडचण घेऊन नाही जात, त्यामुळे तीही खूण करता येईना.

शंकासुराने चष्मा सावरला, ठिपक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सर, हा कोण? इथे शून्यच लिहू ना?"

मी चित्राकडे बघितलं. कॉरिडॉरमधून मॅडम येत होत्या. मी म्हटलं, "नको रे. तिथे माहिती उपलब्ध नाही असं लिही."

आणि हे मात्र डेटा नाही म्हणाला. मीच म्हणालो.